टाचणीमावशीची वही

कॉलेजच्या मुख्य जिन्याखाली, जिथे उंच माणसाला मान वाकवूनच उभं राहावं लागतं, तिथे टाचणीमावशीचं टेबल होतं. टेबलावर तारखेचा शिक्का, शाईची गादी, लाकडी फूटपट्टी, जाडजूड वही आणि टाचण्यांचा पत्र्याचा डबा. एवढाच संसार, पण त्या संसारावर तिने एकतीस वर्षं असं राज्य केलं की भल्याभल्या प्राचार्यांनाही तसं जमलं नसेल. प्राचार्य येतात नि जातात हो. मावशी आपली जिन्याखाली.

समोरच्या भिंतीवर राखाडी कापडाचा लांबलचक बोर्ड होता. विद्यार्थ्यांचा बोर्ड. त्यावर कुणीही, काहीही लिहून लावावं. नियम चारच. कागद दोन फूट बाय दीड फुटांच्या आत हवा. त्यावर मावशीचा शिक्का हवा. लावणाऱ्याचं नाव वहीत हवं. आणि सात दिवसांनी कागद उतरवून मावशीने दिलेल्या चार टाचण्या परत आणून द्यायच्या, चारच्या चार. कुणी तीन आणल्या की मावशी चष्म्यावरून बघायची. "चौथी काय खाल्लीस?"

टाचण्यांची डोकी रंगीत होती आणि त्यातही मावशीचं गणित होतं. कॉलेजात विद्यार्थ्यांचे दोन पक्ष, एकमेकांशी विळ्या-भोपळ्याचं सख्य. एकाला ती जांभळ्या टाचण्या द्यायची, दुसऱ्याला पिवळ्या. जे कुठल्याच पक्षाचे नाहीत त्यांना पांढऱ्या. एकदा पिवळ्यांचा भला मोठा कागद भरदिवसा बोर्डावरून गायब झाला. बोंबाबोंब, घोषणा, एकमेकांच्या कॉलरला हात. मावशी जागची हलली नाही. दोन दिवसांनी जांभळ्यांचा म्होरक्या आपल्या टाचण्या परत करायला आला, तर चारांत एक पिवळी.

"हात्तिच्या! रंगसुद्धा बघितला नाहीस?" मावशी म्हणाली. "बस इथे. आता तो कागद तू लिहायचास. तुझ्या हाताने."

म्होरक्याने दात-ओठ खात विरोधकांच्या घोषणा स्वतःच्या हाताने लिहून काढल्या. अक्षर इतकं सुरेख निघालं की पुढच्या वेळी पिवळे मोठ्या अक्षरांचं काम घेऊन त्याच्याकडेच गेले.

कागदावर काय लिहिलंय ते मात्र मावशी वाचायची नाही. म्हणजे डोळ्यांखालून जायचं सगळं, पण त्यावर ती चकार शब्द काढत नसे. कुणी मुद्दाम छेडलंच, "मावशी, यात प्राध्यापकांवर टीका आहे, चालेल का?" तर उत्तर ठरलेलं. "माझी पट्टी कागदाला लागते बाबा, मजकुराला नाही."

एक गोष्ट मात्र सगळ्या कॉलेजला ठाऊक होती. मावशीला नावं आठवत नाहीत. पोरानं नाव सांगावं, मावशीने मान डोलवावी आणि वहीत भलतंच काहीतरी लिहावं. 'उंटमान्या.' 'दोनदा शिंकणारा.' 'हो-हो बाई.' 'छत्री विसरणारा.' एकजण कायम "आलोच" म्हणून गायब व्हायचा, तर तो वहीत 'आलोच' म्हणूनच अमर झाला. पोरांना त्याची गंमत वाटे. वहीत टोपणनाव लागल्याशिवाय आपण या कॉलेजचे झालो असं कुणाला वाटतच नसे. मावशी कपाळावर हात मारून म्हणायची, "काय करू रे, डोक्याची चाळण झालीय नुसती. नाव ओतलं की गळालं."

त्या वर्षी नवे प्राचार्य आले. माणूस वाईट नव्हता हो, उगाच कशाला नावं ठेवा. वेळेवर यायचे, हसून बोलायचे, जिने चढताना पोरांच्या पाठीवर हात ठेवायचे. फक्त त्यांना टाळी फार आवडायची आणि टोमणा मुळीच सोसायचा नाही. पहिल्याच दिवशी सभागृहात त्यांनी दणदणीत भाषण ठोकलं. ग्रंथालय संध्याकाळी आठपर्यंत उघडं ठेवू, विद्यार्थी परिषदेची निवडणूक महिन्याभरात घेऊ, मुलींच्या खोलीच्या दाराला कडी बसवू, तिसऱ्या मजल्यावरचा नळ दुरुस्त करू, आणि दर शनिवारी माझ्या खोलीत मनमोकळी चर्चा, कुणीही या, काहीही बोला. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

चार महिने गेले. नळ कोरडाच, कडी गायबच, निवडणुकीचं नाव नाही.

अशात एका मंगळवारी जिन्याजवळ करकर करकर आवाज झाला. मावशीने मान वर न करताच शाईची गादी उघडली. ही मुलगी दुसऱ्या वर्षाची. चणीने एवढीशी, पण तिच्या चपला अशा करकरायच्या की ती मावशीला दिसायच्या आधी ऐकू येई. शिष्यवृत्तीवर शिकत होती. ना जांभळ्यांत ना पिवळ्यांत. तिने कागद टेबलावर पसरला. मावशीने पट्टी लावली, शिक्का मारला, पांढऱ्या चार टाचण्या मोजून दिल्या आणि वहीत लिहिलं, 'करकरती चप्पल'.

कागद बोर्डावर चढला आणि तासाभरात जिन्याखाली मुंगी शिरायला जागा उरली नाही. ते होतं प्रगतिपुस्तक. प्राचार्यांचं! ग्रंथालय: नापास. नळ: शून्य. कडी: शून्य. निवडणूक: वरच्या वर्गात ढकलली. मनमोकळी चर्चा: परीक्षेला बसलेच नाहीत. आणि खाली शेरा: 'विद्यार्थी हुशार आहे, पण लक्ष बोलण्याकडे जास्त. पालकांनी येऊन भेटावे.'

जांभळे हसले, पिवळे हसले, दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसले. असं त्या कॉलेजात आधी कधी झालं नव्हतं. प्राध्यापकसुद्धा बूट बांधायच्या निमित्ताने बोर्डाशी वाकायला लागले. हसले नाहीत ते एकटे प्राचार्य.

मावशीला वर बोलावणं आलं. ती वही बगलेत मारून गेली. खोलीत प्राचार्य आणि मोठे बाबू. मोठे बाबू म्हणजे ऑफिसचे हेडक्लार्क, सत्तावीस वर्षांची नोकरी, त्यातली निम्मी मावशीच्या टेबलाशी चहा पिण्यात गेलेली.

"बाई, ते पोस्टर कुणाचं?"

"वहीत आहे, साहेब."

प्राचार्यांनी वही उघडली. मोठ्याने वाचू लागले. "उंटमान्या... आलोच... हो-हो बाई... करकरती चप्पल." थांबले. "हा काय प्रकार आहे?"

"नावं आठवत नाहीत, साहेब. चाळण झालीय."

मोठ्या बाबूंना अचानक जोराचा खोकला आला आणि ते रुमालात तोंड घालून भिंतीकडे वळले.

प्राचार्य मात्र ठरवूनच बसले होते. "सोमवारी अकरा वाजता या. एक तर नाव सांगा, नाही तर लिहून द्या की स्मरणशक्ती गेल्यामुळे हे काम मला झेपत नाही. मग तुम्हाला तळघरातल्या स्टोअररूममध्ये पाठवतो. आणि तो बोर्डही काढू. तिथे स्क्रीन बसवू. त्यावर काय दाखवायचं ते ऑफिस ठरवेल."

बाहेर आल्यावर मोठ्या बाबूंनी मावशीला कोपऱ्यात घेतलं. "मावशी, शिस्त समितीचं पत्र टाईप होऊन तयार आहे. ज्याचं पोस्टर त्याची शिष्यवृत्ती असेल तर बंद, वर्षभर कॉलेजात पाऊल टाकायचं नाही. फक्त नावाची जागा कोरी सोडलीय. तुम्हाला खरंच माहीत नाही ना?"

"तुमचं तरी नाव कुठे आठवतंय मला, मोठे बाबू," मावशी म्हणाली आणि जिना उतरली.

आता खरं सांगायची वेळ आली. टाचणीमावशीला सगळं आठवायचं. सगळं म्हणजे सगळं! एकतीस वर्षांत टेबलाशी आलेल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, गाव. सासरच्या सत्तावीस पोरांचे वाढदिवस तिला पाठ. तिचा नवरा घरीच खिडकीपाशी घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "माझी घड्याळं मागेपुढे होतील, पण हिची तारीख चुकायची नाही."

मग हे चाळणीचं सोंग कशाला? तर त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. मावशी तेव्हा टाचणीताई होती, नोकरीला दुसरंच वर्ष, अक्षर मोत्यासारखं. शेवटच्या वर्षाचा एक मुलगा कागद घेऊन आला. निकाल लांबल्याबद्दल चार ओळी, बस. तिने मोत्यासारख्या अक्षरात त्याचं पूर्ण नाव वहीत लिहिलं. तेव्हाच्या प्राचार्यांनी वही मागवली. तिसऱ्या दिवशी मुलाचं नाव कॉलेजातून कमी झालं. आठवड्याने त्याचे वडील दाखला न्यायला आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत दाखला. ते तिच्या टेबलाशी थांबले. तिला वाटलं, आता हे बोलणार, रागावणार, आणि त्यांनी रागवावंच. ते म्हणाले, "ताई, स्टँडला कसं जायचं इथून?" तिने सांगितलं. "उपकार झाले," म्हणाले आणि गेले. बस. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती नवऱ्याला नंतर कितीदा तरी म्हणाली. त्या दिवसापासून वहीत एकही खरं नाव गेलं नाही.

"काय करणार आहेस?" त्या रात्री नवऱ्याने घड्याळातून डोकं न काढता विचारलं.

"सही करणार. निवृत्तीला पाच महिने राहिलेत. बसेन तळघरात मोडक्या बाकांबरोबर."

"विसराळू म्हणून? तू?"

तिथेच तर खरं दुखणं होतं. तळघराचं तिला काही नव्हतं. पण उभ्या कॉलेजसमोर, कागदावर, सही करून आपण विसराळू आहोत असं लिहून द्यायचं! गंमत म्हणून सांगणं वेगळं. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बरं, माझं नाव तरी आठवतंय ना?" नवरा म्हणाला. तिने पुसायचं फडकं त्याला फेकून मारलं.

शनिवारी करकर करकर आली. मुलगी टेबलाशी उभी राहिली. "मावशी, मला कळलंय सगळं. सांगून टाका माझं नाव."

"मला कुठे माहीत आहे?"

"मग मी सांगते. माझं नाव..."

मावशीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "गप्प! एक अक्षर बोलू नकोस. चालती हो वर्गात!"

मुलगी बघतच राहिली. "दीड वर्ष रोज तुमच्यासमोरून जाते मी. तुम्हाला खरंच माझं नाव माहीत नाही?" आणि तोंड एवढंसं करून ती निघून गेली. मावशीला वाटलं, धावत जाऊन तिला तिचं नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं एका दमात सांगावं. पण ती शिक्क्याची तारीख बदलत बसली.

सोमवारी अकराला मावशी वर गेली. टेबलावर टाईप केलेला कागद होता. प्राचार्यांनी पेन पुढे केलं. मावशीने चष्मा लावला आणि वाचायला लागली. झालं, तिथेच घात झाला. सवय वाईट हो!

"साहेब, माझी नोकरीची तारीख चुकलीय इथे. मी पाच तारखेला लागले, सहाला नाही. सोमवार होता. आणि ऑर्डरचा नंबर एकशे बारा घातलाय, तो एकशे एकवीस. एकशे बारा नंबर मोठ्या बाबूंच्या ऑर्डरचा, ते चार वर्षांनी लागले, ती फाईल तेव्हा तपकिरी..."

बोलता बोलता ती थांबली. मोठ्या बाबूंनी डोळे मिटून घेतले. विसरभोळेपणाच्या कागदावर सही करायला आलेली बाई एकतीस वर्षांपूर्वीचा वार सांगत होती.

प्राचार्य खुर्चीत मागे टेकले. "आठवतं की तुम्हाला, बाई."

मावशीने पेन खाली ठेवलं. आता सोंग उरलंच नव्हतं, तर भीती कशाला? "आठवतं, साहेब. सगळं आठवतं. त्या पोरीचं नावही आठवतं. पण सांगणार नाही."

"याचा अर्थ कळतो तुम्हाला?"

"एकदा लिहून दिलं होतं मी नाव," मावशी म्हणाली, आणि तिने त्यांना त्या मुलाची, त्याच्या वडिलांची, पिशवीची आणि स्टँडच्या रस्त्याची गोष्ट सांगितली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. "तो कागद मी मोजला होता साहेब. दोन बाय दीडमध्ये बसत होता. तारीख होती, शिक्का होता. त्याने सगळे नियम पाळले. मोडले ते आम्ही."

प्राचार्य काही बोलणार इतक्यात व्हरांड्यातून आवाज आला. करकर. करकर.

मावशी जोरात खोकली. मोठ्या बाबूंनी खुर्ची फरशीवर खर्रकन ओढली. आवाज जवळ आला. मावशी आणखी जोरात खोकली. मोठ्या बाबूंनी हातातली फाईल खाली टाकली, उचलली आणि पुन्हा टाकली. प्राचार्यांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि उठून दार उघडलं.

"सर, ते प्रगतिपुस्तक माझं आहे," मुलगी म्हणाली. "त्यासाठी मावशींना कशाला त्रास देता? मी खाली वर्गातच होते. मला कुणी विचारलंच नाही." एवढं बोलून गप्प बसावं ना? पण नाही. "गुण कमी वाटत असतील तर फेरतपासणीचा अर्ज करा, सर."

मोठ्या बाबूंच्या हातून फाईल तिसऱ्यांदा पडली, या वेळी खरोखर.

प्राचार्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी खण उघडून समितीचं पत्र काढलं, पेनाचं टोपण काढलं. "नाव?"

मुलीने नाव सांगितलं. पूर्ण, स्पष्ट, वडिलांच्या नावासकट. पेन कोऱ्या जागेवर टेकलं.

"लिहा साहेब," मावशी हळूच म्हणाली. "पण एक सांगते. लिहिलेलं नाव कागदावरून जातं, डोक्यातून जात नाही. माझ्या एकोणतीस वर्षांत गेलं नाही."

पेन तिथेच राहिलं. त्याच्या टोकाशी शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. मग प्राचार्यांनी टोपण लावलं. "वर्गात जा," ते मुलीला म्हणाले. दोन्ही कागद खणात गेले आणि खण बंद झाला. ते फाडले की ठेवले, हे मोठ्या बाबूंनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

व्हरांड्यात मावशीने मुलीला थांबवलं आणि तिचं नाव, वडिलांचं नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, गाव, सगळं एका दमात म्हणून दाखवलं. मुलगी ऐकत राहिली आणि मग रडायलाच लागली. "मग शनिवारी का नाही म्हणालात?"

"तेव्हा तू 'करकरती चप्पल' होतीस, बाळा. बरी होतीस." मावशीने वही उघडली, पेन तिच्या हातात दिलं. "आता लिही. पण तुझ्या हाताने."

तेव्हापासून वहीत दोन्ही चालू झालं. ज्याला नाव लिहायचं त्याने स्वतः लिहावं. नसेल लिहायचं तर मावशी आहेच. निवडणूक काही झाली नाही त्या वर्षी. ग्रंथालय आठपर्यंत नाही, पण सातपर्यंत उघडं राहू लागलं. मुलीने नवीन प्रगतिपुस्तक लावून निम्मे गुण दिले. कडी बसली. स्क्रीनही आला, पण तो फाटकाशी, आणि त्यावर प्राचार्यांचेच फोटो फिरत असल्याने त्याचा कुणाला त्रास नव्हता.

पाच महिन्यांनी मावशीचा शेवटचा दिवस आला. सकाळीच तिने स्वतःचा एक कागद काढला, पट्टी लावली, शिक्का मारला, पांढऱ्या चार टाचण्या मोजून स्वतःच्याच तळहातावर ठेवल्या आणि जाऊन बोर्डावर लावला. मोत्यासारख्या अक्षरात चार ओळी होत्या.

निकाल तीन महिने लांबला.
पुढची फी मात्र वेळेवर मागता.
आम्ही तीन तासांत उत्तरं लिहितो.
तुम्हाला तपासायला किती वेळ लागणार?

पोरं बुचकळ्यात पडली. निकाल तर वेळेवर लागला होता! प्राचार्य जिना उतरताना थांबले, वाचलं. "हे कुणाचं?"

"वहीत आहे, साहेब."

त्यांनी वही उघडली. शेवटच्या ओळीत एक पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, वर्ग आणि हजेरी क्रमांकासकट. वर्ष एकोणतीस वर्षांपूर्वीचं होतं. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं, वही हळूच मिटली आणि पुढे गेले.

"पण मावशी," करकरती चप्पल म्हणाली, "तुम्ही तर आजच निवृत्त होताय. सात दिवसांनी हा उतरवणार कोण?"

"नियम म्हणजे नियम. मीच येणार."

आणि आली. आठवड्याने सकाळी दहाला मावशी जिन्याखाली हजर. तिने कागद उतरवला, टेबलामागे बसलेल्या नव्या बाईंच्या हातावर टाचण्या ठेवल्या. "चार आहेत. मोजून घ्या." मग कागदाची नीट गुंडाळी करून कापडी पिशवीत घातली. फाटकाशी नवरा उभा होता.

"त्या मुलाचं गाव आठवतंय?" त्याने विचारलं. "इतक्या वर्षांनी तिथे कुणी असेल का?"

"गाव आठवतंय. घर विचारत जाऊ," ती म्हणाली, आणि दोघं स्टँडच्या रस्त्याला लागली.